ढिगातला तुकडा आणि त्याचा हरवलेला शेजारी

पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार असो, मुंबईचा चोर बाजार असो की कुर्ल्यातल्या भंगाराच्या गल्ल्या, गोणपाटावर पसरलेल्या लोखंडात पिस्टन, व्हॉल्व्ह, स्पीडोमीटर, दिव्याची क्रोमची कडी हे लगेच ओळखू येतं. मधूनमधून मात्र असे तुकडे पडलेले असतात की हे कशाचं, ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. मुठीएवढं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, त्याला एक तिरका कान, तीन भोकं आणि एका अंगाला घासून गुळगुळीत झालेली पट्टी. असा तुकडा किलोच्या भावाने भट्टीत जातो. कधीकधी तोच भाग नसल्यामुळे कुठेतरी एखादी गाडी वर्षानुवर्षं विटांवर उभी असते, आणि तो आता कुणी बनवत नाही. म्हणून त्याची ओळख पटवण्यासाठी घेतलेली मेहनत मला मोलाची वाटते.

हल्ली पहिली धाव मोबाइलकडे असते. फोटो काढायचा आणि मिळताजुळता फोटो शोधायचा. कधी जमतं, बहुतेकदा फसतं, कारण फोटोत माप नसतं, वजन नसतं आणि मागची बाजू नसते. गोल, मध्ये भोक, कडेने चार भोकं अशा वर्णनात पाण्याच्या पंपाची कप्पी बसते, फॅनखालचा स्पेसर बसतो आणि प्रोपेलर शाफ्टची फ्लँजही बसते. बाह्यरेषा हा आकाराचा सगळ्यात वरवरचा भाग आहे. खरा आकार भोकांमधल्या अंतरात, आट्यांत, कातलेल्या (यंत्रावर तासून नेमक्या केलेल्या) आणि न कातलेल्या पृष्ठभागांत आणि झिजेत असतो.

गाडीतला कुठलाही भाग एकटा काम करत नाही. कुणावर तरी तो टेकलेला असतो, कुणाला तरी ढकलतो, कुणीतरी त्याला आवळून धरलेलं असतं. कारखान्यात पैसे खर्चून जो पृष्ठभाग सपाट किंवा गोल कातलेला असतो, तो शेजाऱ्यासाठी कातलेला असतो. त्यामुळे “हे काय आहे?” हा प्रश्न आधी विचारूच नये. “याच्या शेजारी काय होतं?” हे विचारावं. शेजारी ठरला की नाव बहुतेक वेळा आपसूक निघतं.

आपल्याकडे या शोधात एक मोठी सोय आहे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० येईपर्यंत देशात मोटारींचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स अँबॅसिडर बनवत होती. ती मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) १४८९ सीसी बी-सिरीज. कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स फियाट ११०० बनवायची. १९६४ पासून तिचं नाव डिलाइट होतं, पुढे पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसी. मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड, आणि चौथी महिंद्राची जीप. त्यात या गाड्या खूप काळ चालल्या. अँबॅसिडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, आणि मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. त्यामुळे महाराष्ट्रातल्या ढिगात सापडलेला जुना तुकडा मोटारीचा असेल, तर पहिला अंदाज या चार घराण्यांपुरता बांधता येतो. युरोपात हेच काम करणाऱ्यापुढे शेकडो घराणी असतात.

मोटारीचा असेल तर, असं म्हटलं, कारण भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडचं भंगार असेल तर त्यात यंत्रमागाचे भाग असतात, आणि सगळीकडेच डिझेल पंपांचे आणि स्कूटरचे. मागाच्या बिडाच्या भागांवर कातलेले पृष्ठभाग थोडे असतात आणि तेलाची भोकं वरच्या अंगाला उघडी असतात, कारण तेल हाताने घालायचं असतं. मोटारीच्या इंजिनातल्या भागाला तेल आतून, दाबाने किंवा शिंतोड्याने मिळतं. तिथे तेलाचं भोक शेजारच्या भागातल्या भोकासमोर येतं, उघडं राहत नाही.

आता प्रत्यक्ष काम. पहिला नियम असा की तुकडा हातात आल्याबरोबर वायर ब्रश लावायचा नाही. वरची घाण हा पुरावा आहे. जाड काळा तेलकट थर आणि त्यात धूळ, म्हणजे इंजिन किंवा गिअरबॉक्सची बाहेरची बाजू. कोरडी काजळी म्हणजे एक्झॉस्टचा शेजार. पांढरट खडूसारखी खपली म्हणजे आतून पाणी वाहत होतं. पिवळट, लाखेसारखा चिकट थर आणि शिळ्या पेट्रोलचा वास असेल तर तो भाग इंधनाच्या वाटेवरचा. गंधकासारखा उग्र वास गिअर ऑइलचा, म्हणजे गिअरबॉक्स किंवा मागचा डिफरन्शिअल. एका ठरावीक जागी रंग सोलून धातू उघडा पडलेला आणि जवळचं रबर फुगून मऊ झालेलं दिसलं, तर ब्रेक ऑइलचा संशय घ्यावा; ते रंग खातं, आणि फुगलेलं रबर बहुधा ब्रेकचं असतं, कारण खनिज तेल लागलं की ते फुगतं. रंगात एखादं गोल कोरं वर्तुळ दिसलं तर तिथे वॉशर बसत होता. त्या वर्तुळाचा व्यास लगेच मोजून ठेवावा, धुतल्यावर ते वर्तुळ जातं.

इथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि बऱ्याच गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असे. अशा भागावर फुंकर मारायची नाही, कोरडा ब्रश किंवा हवेचा पाइप लावायचा नाही. पाणी मारून ओला करावा, ओल्या चिंधीने पुसावा, आणि ती चिंधी पिशवीत बंद करून टाकावी.

मग धातू. चुंबक सगळ्यांना माहीत असतो. चिकटला तर लोखंडाच्या जातीतलं, नाही चिकटला तर ॲल्युमिनियम, जस्त, पितळ, कासं किंवा क्वचित स्टेनलेस. त्यापुढे जायला वजनाची पद्धत फार भरवशाची आहे, आणि तिला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. तुकडा कोरडा असताना त्याचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. तुकडा दोऱ्याने टांगून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके घनसेंटिमीटर त्या तुकड्याचं आकारमान. वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळते. तुकडा ८१० ग्रॅमचा आणि काट्याने ३०० दाखवले, तर २.७, म्हणजे ॲल्युमिनियम. १२२ दाखवले तर सुमारे ६.६, म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. बीड ७.२ च्या आसपास, पोलाद ७.८५, पितळ साडेआठच्या जवळ. भोकांत हवा अडकली तर घनता खोटी कमी येते, म्हणून बुडवल्यावर तुकडा पाण्यात हलवून बुडबुडे काढून टाकावेत. आत पोलादी बुश दाबून बसवलेला असेल तर आकडा अधलामधला येतो, आणि तीही माहितीच आहे.

घनता १.८ च्या जवळ आली तर थांबावं. तो मॅग्नेशियमचा मिश्रधातू असू शकतो. जुन्या फोक्सवॅगन बीटलचं क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा मुख्य डबा, असंच असे. व्हिनेगरचा थेंब टाकला की मॅग्नेशियमवर बुडबुडे येतात, ॲल्युमिनियमवर येत नाहीत. त्याला ग्राइंडर लावू नये, त्याचा चुरा पेट घेतो आणि पाण्याने विझत नाही.

जस्त निघालं तर कार्ब्युरेटर, पेट्रोल पंप, दाराचे हँडल, वायपरचं घर, बोनेटवरची चिन्हं या बाजूने विचार करावा. जस्ताचा साचा फार बारीक तपशील उचलतो, पण हा धातू भार सोसत नाही. आणि ओतताना त्यात शिसं मिसळलं गेलं असेल तर काही दशकांनी तो आतून फुगतो, त्याला बारीक तडे जातात, मापं वाढतात. अशा भागाचं माप घेऊन दुसरा बनवायला टाकला तर तो बसणार नाही. फुगलेल्या जस्ताच्या भागाची मापं शेजाऱ्यावरून घ्यावी लागतात.

धातूनंतर तो भाग घडवला कसा, हे पाहायचं. ओतीव की घडीव, हा फरक एका रेषेवरून कळतो. साच्याच्या दोन अर्ध्या भागांचा सांधा जिथे येतो, तिथे ओतीव तुकड्यावर बारीक, अरुंद रेघ राहते. घडीव तुकड्यावर, म्हणजे तापवून हातोड्याखाली साच्यात दाबलेल्या तुकड्यावर, रुंद पट्टा राहतो, कारण बाहेर आलेलं पोलाद नंतर छाटून काढलेलं असतं. वाळूच्या साच्यातल्या ओतकामाचा पृष्ठभाग खरखरीत असतो. दाबाने पोलादी साच्यात ओतलेल्या भागाचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, आणि आतल्या बाजूला छोटी गोल वर्तुळं दिसतात. तुकडा साच्यातून ढकलून काढणाऱ्या पिनांचे ते ठसे.

घडीव म्हटलं की धक्के सोसणारा भाग समजावा. कनेक्टिंग रॉड, स्टब ॲक्सल, स्टिअरिंगचा आर्म, टाय रॉडचं टोक. महाग प्रक्रिया कुणी उगाच वापरत नाही. स्टिअरिंग, ब्रेक आणि चाकं धरून ठेवणाऱ्या अशा भागावर धातू तपासण्यासाठी ग्राइंडरची ठिणगी काढू नये आणि वेल्डिंग तर कधीच करू नये. ओळख पटल्यावरही तडा तपासल्याशिवाय तो गाडीला लावू नये. घरच्या घरी रॉकेल आणि खडू पुरतो. भाग काही तास रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा, कोरडा पुसायचा, वर खडूची पूड भुरभुरायची. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन खडूवर रेघ उमटवतं. रेघ उमटली नाही म्हणून भाग निर्दोष ठरत नाही. रस्त्यावर जाणाऱ्या गाडीसाठी कारखान्यात डाय-पेनेट्रंट (तड्यात शिरणाऱ्या रंगीत द्रवाची) किंवा चुंबकीय तपासणी करून घ्यावी.

आता सगळ्यात बोलका पुरावा, आटे. आकाराने फसवणारे कितीतरी भाग आटे मोजले की आपलं घराणं सांगून टाकतात. फियाट इटालियन, म्हणजे मेट्रिक. अँबॅसिडर आणि हेरल्डचे आटे प्रामुख्याने यूएनएफ (बारीक) आणि यूएनसी (जाड), म्हणजे इंची. जीपही इंची. मिस्त्री ज्याला अडीच सुती बोल्ट म्हणतात तो ५/१६ इंचाचा, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. तो ८ मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टपासून नुसत्या व्यासावरून ओळखणं शक्य नाही, फरक ०.०६ मिलिमीटरचा, आणि झिजेत तेवढं जातंच. म्हणून एका इंचात, म्हणजे २५.४ मिलिमीटरमध्ये, आटे मोजायचे. ५/१६ यूएनएफचे २४ भरतात, जुन्या ब्रिटिश बीएसएफचे २२, आणि १.२५ मिलिमीटर अंतराच्या मेट्रिकचे २० च्या किंचित वर. तीन सुतीचंही तसंच. ३/८ यूएनएफला २४, ३/८ बीएसएफला २०. बोल्ट आखूड असेल तर दहा आट्यांची लांबी व्हर्नियरने मोजून दहाने भागावी. शंभर-दोनशे रुपयांत मिळणारा थ्रेड गेज असेल तर प्रश्नच नाही. त्याची पाती आट्यांत बसवून उजेडासमोर धरली की फट दिसते की नाही, एवढंच पाहायचं.

आटे दिसत नसतील तर बोल्टचं डोकं पाहावं. यूएनएफचा अडीच सुती बोल्ट अर्ध्या इंचाच्या पान्याने फिरतो, तीन सुती बोल्ट ९/१६ च्या पान्याने. मेट्रिक ८ ला १३ नंबरचा पाना लागतो, १० ला जुन्या मापात १७ नंबरचा. ब्रिटिश गाड्यांच्या काही यूएनएफ बोल्टांच्या डोक्यावर गोल खळगा असतो, किंवा डोक्याच्या बाजूच्या पैलूंवर एकमेकांना जोडलेली वर्तुळं कोरलेली असतात. ही खूण आता फारशी कुणी पाहत नाही, पण ती दिसली की बोल्ट जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ मापाचा आहे का, हा प्रश्न तिथेच मिटतो.

यात दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे तुकड्यात अडकलेला बोल्ट त्याच तुकड्याचा असेल असं नाही. चाळीस वर्षांत किती हातांनी तो बदलला असेल, सांगता येत नाही. आटे शक्यतो तुकड्याच्या अंगातल्या भोकांत मोजावेत, आणि एकाहून जास्त भोकांत. तीन भोकं इंची आणि एक मेट्रिक निघालं तर ते एक भोक नंतर कुणीतरी मोठं करून त्यात पुन्हा आटे पाडलेले आहेत. दुसरा सापळा घराण्याचाच. १९९० च्या दशकात अँबॅसिडरला इसुझूचं १८०० सीसी इंजिन बसलं, आणि महिंद्राच्या जीपला त्याआधीच प्यूजोचं डिझेल इंजिन बसलं होतं. दोन्ही मेट्रिक. त्यामुळे एकाच गाडीत इंजिन मेट्रिक आणि बाकीची चासी इंची असू शकते. मेट्रिक आटे मिळाले म्हणून अँबॅसिडरला यादीतून उडवू नये.

डावे आटे मिळाले तर आनंद मानावा, शोधाचं क्षेत्र एकदम आक्रसतं. डावे आटे बहुधा तिथे देतात, जिथे फिरण्याने उजवा नट सैल होईल. जुन्या विलीस जातीच्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड असेच डाव्या आट्यांचे असत. दुसरं कारण जुळवणीचं: टाय रॉडच्या एका टोकाला डावे आणि दुसऱ्याला उजवे असतात, म्हणजे मधली नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत येतात किंवा बाहेर जातात.

भोकांचं अंतर मोजायला भोकाचा मध्य शोधत बसू नये. दोन भोकं सारख्या मापाची असतील, तर एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजलं की मध्यापासून मध्यापर्यंतचंच अंतर मिळतं. वर्तुळावर चार भोकं असतील तर समोरासमोरची मोजली की वर्तुळाचा व्यास मिळाला. पाच भोकं असली की समोर कुणीच नसतं. तिथे शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर घ्यावं आणि १.७०१ ने गुणावं. जीपच्या हबवर हे शेजारचं अंतर सुमारे ८२ मिलिमीटर येतं, आणि गुणाकार १३९.७, म्हणजे नेमके साडेपाच इंच. तीन भोकांना १.१५५ ने गुणायचं, सहांना दोनने.

भोकं सारख्या अंतरावर नसतील तर तिथे जास्त वेळ द्यावा. कारखान्याला समान अंतर सोपं पडतं. असमान अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं, म्हणजे भाग एकाच पद्धतीने बसावा. हा आग्रह तिथे असतो जिथे चुकीचं बसलं तर इंजिनाचा टायमिंग बिघडेल किंवा तेलाचं भोक बुजेल.

याचं मला फार आवडणारं उदाहरण बी-सिरीज इंजिनातली डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना पाळीपाळीने वीज वाटणारा भाग) फिरवणारी दांडी. पोलादी, बोटभर लांब, मध्ये तिरक्या दातांचं गिअर. वरच्या टोकाला खाच, पण ती मधोमध नाही; एका बाजूला मोठी चंद्रकोर उरते, दुसऱ्या बाजूला छोटी. आणि त्याच टोकाच्या मधोमध आटे पाडलेलं एक भोक. नवख्याला वाटतं, इथे एखादा स्क्रू येत असणार, म्हणजे वर आणखी काहीतरी आवळलेलं असणार. तो त्या शेजाऱ्याचा शोध घेत बसतो आणि शेजारी मिळत नाही, कारण गाडी जोडलेली असताना त्या भोकात काहीच नसतं. ते भोक उकलण्यासाठी आहे. त्यात ५/१६ यूएनएफचा सुमारे साडेतीन इंच लांब बोल्ट फिरवायचा आणि त्याला धरून दांडी वर ओढायची. तिरके दाते असल्यामुळे ती फिरत फिरत वर येते, आणि बसवताना घड्याळाच्या उलट फिरत खाली उतरते. म्हणून बसवायला सुरुवात करताना खाच जिथे हवी त्याच्या आधीच्या कोनात धरावी लागते. हे माहीत नसलेला माणूस दांडी एक दात चुकवून बसवतो आणि मग डिस्ट्रिब्युटर नेहमीच्या जागी ठेवून टायमिंग जुळत नाही. मध्यापासून सरकलेली खाच डिस्ट्रिब्युटर १८० अंशांत उलटा बसण्याची चूक टाळते, दातांची चूक टाळत नाही. दोन खुणा, दोन वेगळी कामं.

तेव्हा कुठल्याही भोकाबद्दल हा प्रश्न मनात असावा की हे जोडण्यासाठी आहे, उकलण्यासाठी, तेलासाठी, हवा जाण्यासाठी, की ओतकामाच्या वेळी आतली वाळू बाहेर काढण्यासाठी? शेवटच्या प्रकारची भोकं पत्र्याच्या वाटीसारख्या कोअर प्लगने बंद केलेली असतात, आणि प्लग गंजून गेला की ते उघडं भोक पाहून बरेच जण गोंधळतात.

झिजेकडे आता वळतो. नव्या भागापेक्षा झिजलेला भाग ओळखायला सोपा असतो, असं माझं ठाम मत आहे. दांडीवर सगळीकडून सारखी चकाकी असेल तर ती दांडी फिरत होती. एकाच अंगाला चकाकी असेल तर ती स्थिर होती आणि दुसरं काहीतरी तिच्यावर झुलत होतं. रॉकर शाफ्टची खालची बाजू अशीच झिजते. टोकाला वाकलेल्या बोटाची पाठ आरशासारखी झाली असेल तर ती कॅमवर, म्हणजे फिरत्या दांडीवरच्या उंचवट्यावर, घासत होती, आणि यांत्रिक पेट्रोल पंपाचा लिव्हर हा पहिला संशयित. चंद्रकोरीच्या आकाराचे पातळ वॉशर मिळाले, एका बाजूला तेलाच्या खाचा आणि दुसरी बाजू कोरी, तर ते क्रँकशाफ्टचे थ्रस्ट वॉशर. खाचांची बाजू फिरणाऱ्या क्रँककडे येते. बी-सिरीजमध्ये ते मधल्या मेन बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना बसतात आणि खालच्या दोघांना न फिरण्यासाठी छोटी जीभ असते.

पितळी रंगाची कडी, बाहेर टोकदार दाते, आत निमुळती आणि त्यात आट्यांसारख्या बारीक खाचा. हिला कुणी विचित्र नट समजतं. पण नट निमुळता नसतो, आणि या खाचांत कुठलाही बोल्ट बसत नाही. ही गिअरबॉक्समधली सिंक्रोनायझर रिंग. आतल्या खाचा तेलाचा पापुद्रा फाडतात, म्हणजे कडी समोरच्या गिअरचा कोन घट्ट पकडते. खाचांचे माथे सपाट झाले असतील तर कडी ओळखली जाईल, कामाला येणार नाही.

बिडाच्या वाटीत घट्ट बसवलेली काळी, गुळगुळीत कडी आणि वाटीला दोन कान असतील, तर तो बी-सिरीज घराण्यातला कार्बनचा क्लच रिलीज बेअरिंग. त्यात छर्रे नाहीत म्हणून पुष्कळांना तो तुटका वाटतो. हाताला काळं लागलं, चुंबक कडीला चिकटला नाही पण वाटीला चिकटला, की शंका उरत नाही.

मोठा नट, समोरच्या तोंडावर दोन दाते, प्रत्येक दात एका बाजूने उभा आणि दुसऱ्या बाजूने उतरता, हा क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाचा स्टार्टिंग डॉग. हँडलची पिन उभ्या बाजूला अडकून इंजिन फिरवते, आणि इंजिन सुरू होऊन हँडलच्या पुढे धावलं की उतार त्या पिनेला बाहेर ढकलतो. उतार कुठल्या बाजूला आहे एवढं पाहून इंजिन कोणत्या दिशेने फिरत होतं ते सांगता येतं.

बिडाचा किंवा ॲल्युमिनियमचा जड डबा, बाजूला झाकण, एका बाहेर आलेल्या दांडीवर लांब आर्म, तो हलवला की संथ विरोध जाणवतो. पाहणारा पंप म्हणतो. पंप असेल तर आत येणारी आणि बाहेर जाणारी अशा दोन वाटा हव्यात. इथे फक्त तेल भरायचा एक प्लग असतो आणि चासीला आवळायची दोन जाड भोकं. हा जुन्या ब्रिटिश गाड्यांतला लिव्हर-आर्म शॉक ॲब्सॉर्बर, बहुतेक आर्मस्ट्राँगच्या घडणीचा. आर्म मध्येच पोकळ सुटत असेल तर आतलं तेल कमी आहे.

नळकांड्यासारख्या डब्यांमध्ये वीज तयार करणारा डायनॅमो आणि इंजिन सुरू करणारा स्टार्टर यांची गल्लत नेहमी होते. स्टार्टरच्या आत तांब्याच्या जाड पट्ट्या असतात, कारण त्यातून थोडा वेळ पण प्रचंड प्रवाह जातो; डायनॅमोच्या आत बारीक तारेचे पुष्कळ वेढे. डायनॅमोवर एक मोठं आणि एक लहान टर्मिनल, स्टार्टरवर एकच दणकट. डायनॅमोच्या मागच्या टोकाला बुशमध्ये तेल सोडायचं छोटं भोक असतं, आणि ते कोरडं पडल्यानेच बहुतेक डायनॅमो मेलेले असतात.

क्रमांक मी मुद्दाम मागे ठेवले. तुकडा उलटून आधी नंबर शोधायचा आणि तोच खरा मानायचा, या घाईने फार दिशाभूल होते. उठावाचा नंबर ओतकामाचा असतो, कच्च्या तुकड्याचा. एकाच ओतकामातून वेगवेगळी भोकं पाडून दोन-तीन भाग बनतात, आणि कॅटलॉगमधला नंबर वेगळाच असतो. ठोकून कोरलेला नंबर जास्त कामाचा. लुकासच्या विजेच्या भागांवर पाच आकडी भाग क्रमांक आणि शेजारी महिना-वर्ष ठोकलेलं असतं. ४ ६३ म्हणजे एप्रिल १९६३. पण लुकासचा एकच डायनॅमो अनेक गाड्यांना बसे. पुरवठादाराच्या नावावरून गाडी ठरत नाही. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवरचा १२० हा आकडा म्हणजे भोक १.२० मिलिमीटर. बॉल बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याहून मोठे असतील तर त्यांना पाचने गुणलं की आतला व्यास मिळतो. ६२०५ असेल तर २५ मिलिमीटर. ०० ते ०३ यांचे व्यास वेगळे, अनुक्रमे १०, १२, १५ आणि १७. बेअरिंग हरवलं असेल आणि नुसतं घर उरलं असेल, तरी घराच्या व्यासावरून बेअरिंग आणि बेअरिंगवरून दांडी काढता येते.

इतकं करूनही नाव सुचलं नाही तर जाणकाराला विचारताना काम नीट करून द्यावं. सहा बाजूंचे सहा फोटो, दिवसाच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश न लावता, सोबत पट्टी, आणि मोबाइल दीडेक मीटर लांब धरून झूम करून, कारण जवळून काढला की गोल भोक अंडाकृती दिसतं. ज्या सपाट तोंडावर गॅस्केट बसत होतं त्याचा ठसा घ्यावा. वर कागद घट्ट धरून पेन्सिल आडवी घासली की भोकांची जागा आणि कडा खऱ्या मापात उतरतात. बी-सिरीजच्या मॅनिफोल्डचा असा ठसा घेतला तर एका ओळीत पाच तोंडं येतात, तीन एक्झॉस्टची आणि त्यांच्या मधल्या दोन इनलेटची, आणि तो कागद पाहूनच जुना मिस्त्री इंजिनाचं नाव घेतो. फोटोबरोबर वजन, चुंबकाचा निकाल, आट्यांचं माप आणि घाण कसली होती हे लिहावं.

आणि जिथून तुकडा उचलला त्या गोणीत पुन्हा हात घालावा. भंगारवाला बहुधा एक गाडी एका वेळी तोडतो, त्यामुळे एकाच गाडीचे भाग जवळजवळ पडतात. खिशात तुकड्याचा पेन्सिलीचा ठसा ठेवायचा आणि ढिगातल्या प्रत्येक सपाट तोंडावर तो ठेवून पाहायचा. तीन भोकं तीन भोकांवर आली, झिजेची पट्टी समोरच्या पट्टीला भिडली, तर दोन्ही तुकडे हाताने एकमेकांत बसवून पाहावेत, हातोडी न लावता. जमले तर दोन्ही घ्यावेत, तारेने एकत्र बांधावेत, आणि कुठे व कोणत्या तारखेला मिळाले ते पुठ्ठ्यावर लिहून त्याच तारेत अडकवावं.